मेलेल्या उंदराची नोंद

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागातील तापाचे रोगी तपासून डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा प्लेग असल्याचे निदान केले, तेव्हा त्या भागातील धान्याच्या वखारींत उंदीर मरून पडू लागले होते. डॉक्टरांच्या निदानावर पुढे वाद झाले, नगरपालिकेत चर्चा झाल्या, सरकारने समित्या नेमल्या. मेलेल्या उंदरांविषयी मात्र कोणी विशेष विचार केला नाही. वखारीतला हमाल त्यांना शेपटीला धरून गटारात टाकत होता आणि कचऱ्याबरोबर एक अत्यंत मोलाची सूचनाही वाहून जात होती. त्यानंतरच्या वीस-बावीस वर्षांत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे या रोगाने दगावली. इतक्या मोठ्या संहाराची पहिली वर्दी जनावराने दिली होती आणि ती माणसाला वाचता आली नव्हती, हा या इतिहासाचा गाभा आहे. तो आज पुन्हा आठवण्याचे कारण असे की, ही वर्दी वाचण्याची विद्या हाती आली असली, तरी ती वाचण्याचे काम नेमके कोणाचे, हे अजूनही पुरते ठरलेले नाही.

प्लेग हा मूलतः माणसाचा रोग नाही. तो कुरतडणाऱ्या प्राण्यांचा रोग आहे आणि माणूस त्यात अपघाताने सापडतो. रोगाचे जंतू एका उंदराकडून दुसऱ्याकडे नेण्याचे काम पिसू करते. उंदरांच्या अंगावर वावरणाऱ्या पिसवांच्या अनेक जाती असल्या, तरी त्यांतील झेनोप्सिला चिओपिस ही जात या कामी सर्वांत तरबेज समजली जाते. रोगी उंदराचे रक्त प्यालेल्या पिसवेच्या अन्नमार्गात जंतूंची वाढ होऊन एक गुठळी तयार होते आणि जठराचे तोंड बुजते. मग तिने कितीही रक्त शोषले, तरी ते पोटात उतरत नाही. भुकेने कासावीस झालेली ही पिसू वारंवार चावे घेते आणि प्रत्येक चाव्यागणिक अडलेले रक्त जंतूंसह दंशाच्या जखमेत परत सोडते. १९१४ साली बॅकॉट आणि मार्टिन या संशोधकांनी ही क्रिया उलगडून दाखविली. म्हणजे ज्या पिसवेचे पोट भरत नाही, तीच सर्वांत घातक ठरते.

उंदीर जिवंत असेतो पिसू त्याला सहसा सोडत नाही. तो मरून त्याचे अंग थंड पडू लागले, की ती नव्या आश्रयाच्या शोधात बाहेर पडते. जवळपास दुसरा उंदीर असला, तर ती त्याच्यावर जाते. घरातील सगळेच उंदीर मरून गेले असतील, तर तिला माणसाखेरीज गत्यंतर राहत नाही. उंदरांतील मरीनंतर साधारणतः दहा ते चौदा दिवसांनी माणसांतील साथीला तोंड फुटते, असे विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत झालेल्या संशोधनातून दिसून आले. हा पंधरवडा ही समाजाला मिळालेली मुदत होय. प्लेगच्या प्रतिबंधाचा सारा विचार अखेरीस या एका पंधरवड्याचे काय करायचे, या प्रश्नाशी येऊन ठेपतो.

सत्य सापडले, पण पटले नाही

हे सत्य हाती यायला वेळ लागला, त्याहून अधिक वेळ ते मान्य व्हायला लागला. प्लेगचा जंतू अलेक्झांडर येर्सिन यांनी १८९४ साली हाँगकाँग येथे शोधून काढला. परंतु तो माणसाच्या शरीरात शिरतो कसा, हे कोडे सुटले नव्हते. पॉल-लुई सिमाँ हा फ्रेंच डॉक्टर मुंबई आणि कराचीच्या साथींत काम करीत असताना त्याने १८९८ च्या जून महिन्यात कराचीत एक साधा प्रयोग केला. रोगी उंदीर काचेच्या बरणीत ठेवून त्याने वर जाळीच्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर टांगला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होणे शक्य नव्हते, तरीही वरचा उंदीर प्लेगने मेला. बरणीतल्या उंदराच्या अंगावर पिसवा नसताना मात्र रोग पसरला नाही. याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा होता?

परंतु सरकारने नेमलेल्या प्लेग आयोगाला तो पुरेसा वाटला नाही. रोग माणसाच्या संसर्गाने, कपड्यांनी आणि घरातील घाणीने पसरतो, ही समजूत दृढ होती आणि साऱ्या उपाययोजनेची इमारत तिच्यावरच उभी होती. पुढे ग्लेन लिस्टन यांनी मुंबईतील प्लेगग्रस्त घरांत गिनीपिग सोडून त्यांच्या अंगावर गोळा झालेल्या पिसवा तपासल्या. १९०५ पासून काम सुरू केलेल्या नव्या संशोधन मंडळाने काटेकोर प्रयोगांची मालिका केली. प्लेगच्या घरात जमिनीवर मोकळे सोडलेले गिनीपिग मेले, पिसवेच्या उडीच्या टप्प्यापलीकडे टांगलेल्या पिंजऱ्यांतील वाचले. सिमाँचे म्हणणे खरे ठरले. मधली सात-आठ वर्षे मात्र वाया गेली होती, आणि साथीच्या काळातील सात-आठ वर्षांचा हिशेब माणसांच्या प्राणांत करावा लागतो.

या वर्षांत सरकारी यंत्रणेची नजर माणसावर खिळलेली होती. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. प्रवाशांची तपासणी, रोग्यांची सक्तीने रवानगी, घरांचे धुणे-शेकणे आणि सामानाची जाळपोळ या मार्गांनी साथ आटोक्यात येईल, असा भरवसा होता. पुण्यात गोऱ्या शिपायांनी घराघरांत शिरून केलेल्या झडत्यांनी लोकांचा संताप अनावर झाला आणि २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली. त्या प्रकरणाचा राजकीय इतिहास शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. त्याची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. ती अशी की, एवढा जुलूम करूनही तो बव्हंशी निरुपयोगी होता. देव्हाऱ्यापर्यंत शोध घेणाऱ्या शिपायांना माणसे सापडत होती, पिसू सापडत नव्हती. फिनेलच्या पाण्याने धुतलेल्या घरातून उंदीर शेजारच्या घरात जात आणि आपल्याबरोबर रोगही नेत. सक्ती झाली ती माणसांवर आणि मोकळीक राहिली ती रोगाला.

रयतेचे शहाणपण

याच काळात देशावरच्या खेड्यापाड्यांतून लोक एक वेगळाच धडा शिकत होते. उंदीर पडू लागले, की घर सोडून मळ्यात किंवा माळावर झोपडी घालायची, हा रिवाज लवकरच रूढ झाला. कोणी त्याला मरीआईचा कोप म्हणे, कोणी गाठीच्या तापाची खूण म्हणे. कारणमीमांसा काहीही असो, कृती अचूक होती. ओस पडलेल्या घरातील पिसवांना रक्त मिळत नसे आणि उघड्या माळावरील नव्या झोपडीत उंदरांची बिळे नसत. प्रयोगशाळेने मान्यता देण्याआधीच रयतेने अनुभवाने हा उपाय पारखून घेतला होता. त्यात एकच मोठी उणीव राहत असे. घर सोडताना धान्याची पोती आणि अंथरूण-पांघरूण बरोबर नेले जाई आणि त्यांतून पिसूही मुक्कामाला येई.

कोल्हापूर संस्थानाला हा अनुभव फार लवकर आला. १८९१ साली मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाल्याने करवीरची बाजारपेठ दक्षिणेतील रेल्वेच्या जाळ्याला जोडली गेली. गूळ आणि धान्य जलद जाऊ-येऊ लागले, तसे पोत्यांतून उंदीर आणि पिसूही. १८९६-९७ च्या दुष्काळाने रयत आधीच खचली असताना प्लेगने दुसरा घाव घातला. गादीवर येऊन जेमतेम तीन-चार वर्षे झालेल्या शाहू महाराजांना राज्यकारभाराच्या उमेदवारीच्या काळातच या दोन आपत्तींना तोंड द्यावे लागले. वस्ती मोकळी करून लोकांना गावाबाहेर झोपड्यांतून राहण्यास प्रवृत्त करणे हा दरबारच्या उपायांतील एक महत्त्वाचा भाग होता. लोकांच्या अंगवळणी पडलेल्या गोष्टीला सरकारी आधार मिळाला, तर ती किती सुकर होते, हे यावरून ध्यानात यावे.

दख्खनच्या या पट्ट्यात प्लेगने ठाण मांडण्यामागे हवामानाचाही हात होता. पिसवेच्या अन्नमार्गातील गुठळी साधारण वीस ते पंचवीस अंशांच्या तपमानात चांगली धरते, फार उष्म्यात ती टिकत नाही, आणि कोरड्या कडक उन्हात तर पिसूच फार दिवस जगत नाही. म्हणूनच वैशाखवणव्यात साथ मंदावे आणि पावसाळा उलटू लागला, की पुन्हा डोके वर काढी. पुणे, सातारा, बेळगाव, धारवाड या भागांत पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून हिवाळ्याच्या आरंभापर्यंतचे महिने भीतीचे असत. घाटमाथ्याजवळची दमट, सौम्य हवा माणसाला सुखावते, तशीच ती पिसवेलाही मानवते.

डोंगरातले निखारे

मोठ्या साथी ओसरल्या म्हणजे रोग नाहीसा होतो, असे मात्र नाही. घरातील उंदीर प्लेगने भराभर मरतो, म्हणून त्याच्यात रोग फार काळ टिकत नाही. परंतु माळावर, शेताच्या बांधावर आणि डोंगरउतारावर राहणाऱ्या रानउंदरांच्या काही जाती या रोगाला बऱ्याच अंशी दाद देत नाहीत. भारतात जर्बिल जातीचा रानउंदीर हा या बाबतीत मुख्य समजला जातो. त्याच्या खोल बिळांत वर्षानुवर्षे जंतू आणि पिसू यांचे चक्र चालू राहते. शेत पडीक पडले, जंगल तुटले, भूकंप झाला किंवा धान्याची अनपेक्षित रेलचेल झाली, की रानउंदराची आणि घरउंदराची गाठ पडते आणि राखेखालचा निखारा पेटतो.

हिमालयाच्या कुशीतील गढवाल-कुमाऊँचा इतिहास याची साक्ष देतो. मुंबईत प्लेग येण्याच्या कितीतरी आधी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून, तेथील पहाडी गावांत ‘महामारी’ या नावाने हा रोग परिचित होता आणि उंदीर मरू लागताच गाव रिकामे करण्याची चाल तेथेही होती. तिथल्या पहाडी माणसाने आणि देशावरच्या कुणब्याने एकमेकांचे तोंडही न पाहता एकच नियम काढावा, हे विलक्षण आहे. आणि तो निखारा अद्याप विझलेला नाही. २००२ साली हिमाचल प्रदेशातील हाटकोटी परिसरात फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली. तिची सुरुवात शिकारीला गेलेल्या एका माणसापासून झाली. सोळा रोग्यांपैकी चार दगावले. २००४ साली गढवालातीलच उत्तरकाशी जिल्ह्यात डांगुड या गावी आठ जणांना गाठीचा प्लेग झाला आणि तिघांचा मृत्यू झाला. आफ्रिकेजवळच्या मादागास्कर बेटाच्या मध्यवर्ती पठारावर तर हा रोग दरसाल येतो. तेथे २०१७ च्या साथीत दोन हजारांहून अधिक लोकांना लागण झाली आणि दोनशेहून अधिक मृत्युमुखी पडले.

भारतातील आरोग्ययंत्रणा प्लेगची जी नैसर्गिक केंद्रे मानते, त्यांत हिमाचल आणि उत्तराखंडातील या दोन पहाडी भागांबरोबर कर्नाटक, आंध्र व तमिळनाडू यांच्या सीमा मिळतात तो प्रदेश आणि महाराष्ट्रातील बीड-लातूरचा पट्टा यांचा समावेश होतो. बीडचे नाव या यादीत आले, ते १९९४ च्या कटू अनुभवानंतर.

मामल्याने दिलेली सूचना

१९६६ नंतर अठ्ठावीस वर्षे देशात प्लेगचा खात्रीलायक रुग्ण नोंदला गेला नव्हता. त्यामुळे रोग गेला, ही समजूत पक्की झाली आणि त्याच्यावरची पाळत सैलावली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाने लातूर-धाराशिवचा परिसर उद्ध्वस्त झाला आणि त्याचे हादरे शेजारच्या बीड जिल्ह्यालाही बसले. माणसे घराबाहेर झोपू लागली, साठवलेले धान्य आत राहिले, उंदरांचे फावले. रानउंदीर आणि घरउंदीर यांच्यातील अंतर मिटण्यास ही परिस्थिती कारणीभूत झाली असावी, असे अनुमान अभ्यासकांनी पुढे मांडले. १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावी गाठीच्या प्लेगचे रोगी आढळले. त्याआधीच गावात उंदीर पडल्याच्या आणि पिसवांचा उपद्रव वाढल्याच्या तक्रारी पुढे आल्या होत्या. सूचना पुन्हा एकदा वेळेवर आलेली होती.

तिचा अर्थ लागेपर्यंत सप्टेंबर उजाडला आणि सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी पसरली. लाखो लोकांनी शहर सोडले, औषधांच्या दुकानांतील टेट्रासायक्लिन संपले, परदेशी विमानसेवा बंद पडल्या, निर्यातीला फटका बसला. हा खरोखर प्लेगच होता काय, यावर महिनोन्‌महिने वाद चालला आणि डॉ. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखालील समितीला त्याचा निवाडा करावा लागला. समितीचा कौल प्लेगच्याच बाजूने पडला. देशभरात पन्नासहून अधिक मृत्यू झाले. एवढ्या लोकसंख्येच्या देशात ही संख्या लहान वाटेल. परंतु स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिनसारखी स्वस्त व गुणकारी औषधे हाताशी असताना हा रोग भीतीच्या बळावर एवढा कहर करू शकतो, ही गोष्ट लहान नव्हे. सुरतेने पुढे आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत कायापालट करून घेतला. मामल्याने दिलेला धडा मात्र त्या मानाने अंधारातच राहिला.

आधी पिसू, मग उंदीर

हा धडा दोन बाबींचा आहे. पहिली बाब क्रमाची. उंदरांची मर दिसली, की उंदीर मारण्याची मोहीम काढावी, असे कोणालाही सहज वाटते. प्लेगच्या संशयाच्या वेळी ही घाई घातक ठरते. विषाने शेकडो उंदीर एकदम मारले, तर त्यांच्या अंगावरील हजारो पिसवा निराश्रित होतात आणि माणसाकडे वळतात. म्हणून आधी बिळांत व उंदरांच्या वाटांवर कीटकनाशक भुकटी मारून पिसवांचा नायनाट करायचा आणि नंतरच उंदरांना हात लावायचा, हा शास्त्रीय क्रम आहे. शेतकरी उसाच्या फडात झिंक फॉस्फाइडचे आमिष टाकतो, ते पीक वाचवण्यासाठी, आणि एरवी त्यात गैर काही नाही. परंतु त्याच शिवारात आपोआप उंदीर मरत असतील, तर तेच आमिष अनर्थ घडवू शकते. मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नये, ही साधी खबरदारीही किती घरांत पाळली जाते?

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. उंदीर हा सरकारी दप्तरात कोणाचाच नाही. शेतीखात्याच्या लेखी तो पिकाचा शत्रू, पशुसंवर्धन खात्याचे लक्ष गुराढोरांवर, वनखात्याचे वन्यपशूंवर. नगरपालिकेच्या लेखी तो कचऱ्याच्या प्रश्नाचे शेपूट आहे आणि आरोग्यखात्याच्या वहीत माणूस आजारी पडल्यावरच नोंद होते. मुंबई महापालिकेने प्लेगच्या आठवणीतून उंदीर मारणारे स्वतंत्र कर्मचारी आजवर टिकवून ठेवले आहेत. बहुतेक लहान शहरांत तेवढीही व्यवस्था नाही. १८९७ चा साथरोग कायदा २०२० मध्ये कोरोनाच्या वेळी पुन्हा उपयोगात आणला गेला आणि त्यात आरोग्यसेवकांच्या संरक्षणासाठी दुरुस्तीही झाली. पण त्याची नजर मुळात होती तिथेच, माणसाच्या हालचालींवर, आहे. साथ उद्भवल्यावर काय करायचे, हे तो सांगतो. ती येत आहे, हे ओळखायचे कोणी, याविषयी तो मौन पाळतो.

कोल्हापूरकरांनी याकडे दूरच्या मुलखातील गोष्ट म्हणून पाहणे शहाणपणाचे नव्हे. १९९४ नंतर महाराष्ट्रात प्लेगची साथ आलेली नाही आणि सह्याद्रीच्या या टप्प्याचा समावेश रोगाच्या परिचित केंद्रांत होत नाही, तेव्हा घबराटीचे काही कारण नाही. परंतु प्राण्यांकडून येणारे इतर रोग दाराशी आहेत. चंदगड तालुक्याला लागून असलेल्या दोडामार्ग परिसरात २०१६ च्या सुमारास माकडतापाने माणसे दगावली. तेथेही रोगाची पहिली खूण मेलेले माकड हीच असते, कारण मेलेल्या माकडाच्या अंगावरून गोचीड उतरतात, जशा मेलेल्या उंदरावरून पिसवा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेने शहर वेढले, तेव्हा बिळांतून विस्थापित झालेल्या उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस पसरण्याचा धोका डॉक्टरांना वारंवार सांगावा लागला. रोग वेगळे, जंतू वेगळे. परंतु आधी प्राणी, मग माणूस हा क्रम तोच.

या क्रमाचा लाभ घेण्यास फार मोठा खर्च येत नाही. उंदरांची किंवा माकडांची असाधारण मर दिसली, तर ती कोणाला कळवायची, हे प्रत्येक गावात ठाऊक असावे. आशा सेविका, तलाठी, ग्रामसेवक, शाळामास्तर आणि बाजार समितीचा कारकून यांपैकी कोणाच्याही वहीत ती नोंद होऊ शकते. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचावी आणि पशुवैद्याने नमुना घेऊन तो प्रयोगशाळेकडे धाडावा, एवढी साखळी अखंड हवी. शंभरातल्या नव्याण्णव नोंदी फुकट जातील, कारण उंदीर विषाने मरतात, पुराने मरतात, मांजरानेही मरतात. उरलेल्या एका नोंदीसाठी ही सारी खटपट आहे. शाळांतून विज्ञान शिकवताना सिमाँचा बरणीचा प्रयोग मुलांना सांगितला, तर पुढे त्यांच्यातलाच एखादा कारकून ती नोंद हसण्यावारी नेणार नाही.

सव्वाशे वर्षांपूर्वी निरक्षर रयतेने उंदीर पडलेला पाहून घर सोडले आणि त्यांतील कित्येकांचे प्राण वाचले. तेव्हा सरकारजवळ सत्ता होती, ज्ञान नव्हते. आज ज्ञानाची वाण नाही, औषधे आहेत, प्रयोगशाळा आहेत. पण गावांतून घरे पक्की झाली, माळावरच्या झोपडीची आठवण गेली आणि रयतेची ती सावध नजरही तिच्याबरोबर गेली. तिची जागा शासनाच्या नोंदवहीने घेतली पाहिजे. निसर्ग पंधरा दिवसांची मुदत देतो. ती मुदत कोणत्या टेबलावर पडून राहते, याची चौकशी साथ आल्यावर करण्यापेक्षा आधीच करून ठेवणे, यातच शहाणपण आहे.